मुलांना समभाग समजावताना

एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना बचत खाते स्वतः उघडण्याची आणि चालवण्याची मुभा दिली. रकमेची मर्यादा आणि अटी ठरवण्याचे काम बँकांवर सोपवले. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एनपीएस वात्सल्य’ योजना सुरू केली. पाळण्यातल्या बाळाच्या नावानेही पालकांना तीत निवृत्तिवेतन खाते उघडता येते आणि त्या पैशाचा काही भाग कंपन्यांच्या समभागांत गुंतवला जातो. अल्पवयीनांच्या नावाचे डिमॅट खाते तर त्याही आधीपासून उघडता येत होते. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी २० कोटींचा टप्पा गाठला. एकाच माणसाची दोन-तीन खाती असू शकतात हे लक्षात घेतले, तरी ‘शेअर’ हा शब्द आता कोट्यवधी घरांतल्या जेवणाच्या वेळच्या गप्पांत शिरला आहे, हे नाकारता येणार नाही.

तेव्हा तो मुलांच्या कानावर पडणारच. ‘इतक्या लहान वयात हे कशाला?’ हा आक्षेप मी समजू शकतो. पण तो घेण्याची वेळ निघून गेली आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की, समभाग म्हणजे काय हे मुलांना आधी कोण सांगणार आणि काय सांगणार. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपण मुलांना भाव आधी शिकवतो आणि भागीदारी नंतर, किंवा कधीच नाही. हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत देश मोजू लागला आहे.

उलट्या क्रमाची किंमत

‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाल्याचे त्यात दिसले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ या वर्षातही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के होते. या बाजारात तीस वर्षांखालील लोकांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला होता. तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी असल्याचे जाहीर केले होते, आणि बहुसंख्य देशातल्या पहिल्या तीस शहरांबाहेरचे होते.

या आकड्यांमागचा बावीस वर्षांचा तरुण बारा वर्षांपूर्वी चौथी-पाचवीत होता. त्याने समभागाची पहिली ओळख कुठे करून घेतली असेल? बहुधा कुणाच्या तरी मोबाइलवरच्या हिरव्या-लाल आकड्यांतून. ‘अमुकने एका दिवसात तमुक कमावले’ अशा चित्रफितीतून. त्या ओळखीत कंपनी कुठेच नव्हती. कारखाना, कामगार, माल, गिऱ्हाईक, हिशेब यांपैकी काहीही नव्हते. होता तो फक्त एक वरखाली होणारा आकडा. ज्याने समभाग हा आकडा म्हणूनच पाहिला, त्याला त्यावर पैज लावणे स्वाभाविक वाटले तर त्यात नवल काय?

गंमत अशी की आपल्या कायद्याने योग्य क्रम केव्हाच सांगून ठेवला आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास पात्र नाही; असा करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात स्पष्ट केले. म्हणून मुलाच्या नावाचे डिमॅट खाते पालक चालवतात. त्या खात्यात समभाग राहू शकतात. परंतु त्यावरून त्याच दिवशी घेऊन विकण्याचे किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करता येत नाहीत. अठरा वर्षांपर्यंत मुलाला मालक होता येते, सटोडिया होता येत नाही. शाळेत आणि घरात आपण नेमका हाच नियम पाळायला हवा.

रसवंतीचे दहा मालक

इंग्रजी पुस्तकांत मुलांना समभाग समजावण्यासाठी घरासमोर लिंबूसरबत विकणारी मुले आणतात. आपल्या मुलांनी असे दुकान पाहिलेले नसते. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांशी या विषयावर बोलण्याचे प्रसंग मला अनेकदा आले. मी त्यांना उसाच्या रसाचा गाडा देतो. तो दिल्लीतही असतो, इंदूरमध्येही असतो आणि विजयवाड्यातही असतो.

गाडा आणि यंत्र मिळून खर्च वीस हजार रुपये. एकाकडे इतके पैसे नाहीत, म्हणून दहा जणांनी प्रत्येकी दोन हजार घातले. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळाली, ‘या गाड्याचा एक-दशांश भाग माझा’ असे सांगणारी. ही चिठ्ठी म्हणजे समभाग. उन्हाळाभर रस विकला. ऊस, बर्फ, डिझेल आणि चरक चालवणाऱ्याचा पगार देऊन पाच हजार उरले. आता दहा जण बसून ठरवतात : सगळे वाटून घ्यायचे, की निम्मे वाटून उरलेल्यातून बर्फाची मोठी पेटी घ्यायची? वाटले तो लाभांश. ठेवले ती पुढच्या वर्षाची तजवीज. इथे मुलांमध्ये हमखास दोन तट पडतात आणि कंपनीच्या संचालक मंडळात चालते तसे भांडण वर्गात सुरू होते. भांडण मिटवण्यासाठी मतदान करावे लागते. मग ‘ज्याच्याकडे दोन चिठ्ठ्या त्याची मते दोन’ हा नियम सांगितला, की काही चेहरे पडतात. ते पडायलाच हवेत. नियम तसाच आहे.

मग एकाच्या वडिलांची बदली होते. त्याला आपली चिठ्ठी विकायची आहे. किती रुपयांना? इथे, पाऊण तास उलटून गेल्यावर, भाव हा शब्द पहिल्यांदा येतो. आणि मुले जे प्रश्न विचारतात ते कुठल्याही विश्लेषकाला शोभतील : पुढच्या उन्हाळ्यात पाऊस लवकर आला तर? समोर दुसरा गाडा लागला तर? यंत्र जुने झाले आहे का? भाव म्हणजे पुढच्या काळाविषयी अनेकांनी केलेला अंदाज, हे त्यांना व्याख्येशिवाय समजते. अंदाज चुकू शकतो, हेही समजते.

शेवटची पायरी नुकसानीची. गाडा बुडाला, उसाच्या व्यापाऱ्याची उधारी राहिली, तर तो तुमची सायकल उचलून नेऊ शकतो का? नाही. तुमचे दोन हजार गेले, बाकी काही नाही. मर्यादित दायित्वाचे हे तत्त्व आपल्याकडे १८५७ च्या कायद्याने आणले. अनोळखी माणसांना एकत्र येऊन मोठे काम उभारता यावे म्हणून समाजाने दिलेले हे अभयदान आहे.

मोठ्यांनी टाळलेले प्रश्न

इथवरचा धडा कुठल्याही चांगल्या पुस्तकात सापडेल. पण मुले इथे थांबत नाहीत. एका वर्गात एका मुलीने विचारले : ‘चरक चालवणाऱ्या दादाचा हात यंत्रात गेला, तर पैसे कोण देणार?’

या प्रश्नाचे उत्तर भोपाळमधून जाते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा होता. तिचे ५०.९ टक्के समभाग अमेरिकी मूळ कंपनीकडे होते. उरलेले भारतीय वित्तसंस्थांकडे आणि सामान्य भारतीय भागधारकांकडे. त्या सामान्य भागधारकांपैकी कुणीही दुष्ट नव्हते. बहुतेकांनी तो कारखाना कधी पाहिलाही नसेल. कायद्याने त्यांचे नुकसान समभागाच्या किमतीपुरते मर्यादित होते. भोपाळच्या वस्त्यांतील माणसांच्या नुकसानीला अशी कोणतीच मर्यादा नव्हती. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. ती अपुरी असल्याची पीडितांची तक्रार पुढची अनेक दशके न्यायालयांत घुमत राहिली. मर्यादित दायित्व हे उद्योगासाठी वरदान आहे. परंतु जे नुकसान मालकाच्या खिशातून जात नाही ते नाहीसे होत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडते. दहा वर्षांच्या मुलाला हे सांगता येते. त्याला भीती वाटेल म्हणून ते टाळण्याचे कारण नाही. प्रश्न त्यानेच विचारला आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न : ‘गाड्यात किती पैसे उरले, हे आपल्याला खरे कोण सांगणार?’ ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम’च्या अध्यक्षांनी कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षे फुगवून दाखवल्याची लेखी कबुली दिली, आणि एका दिवसात समभागाची तीन चतुर्थांशांहून अधिक किंमत पुसली गेली. आदल्या दिवशी त्या कंपनीचे संगणक अभियंते होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही होते. नाहीसा झाला तो विश्वास. लेखापरीक्षक, सेबी, आर्थिक पत्रकार ही मंडळी कशासाठी असतात, हे मुलांना या एका गोष्टीतून कळते.

तिसरा प्रश्न : ‘माझी एकच चिठ्ठी असेल तर माझ्या मताने काय होणार?’ प्रामाणिक उत्तर असे की, एकट्याच्या मताने फारसे काही होत नाही. सूचिबद्ध कंपनीत जनतेकडे किमान २५ टक्के समभाग हवेत असा नियम आहे, म्हणजे प्रवर्तकांकडे ७५ टक्क्यांपर्यंत असू शकतात. तरी मत अगदीच निरर्थक नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘बुलेट’ मोटारसायकल बनवणाऱ्या आयशर मोटर्समध्ये व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा विशेष ठराव सुमारे ७३ टक्के मते मिळूनही नामंजूर झाला, कारण विशेष ठरावाला ७५ टक्के लागतात. वेतनावर मर्यादा घालून तो पुन्हा मांडावा लागला, तेव्हा मंजूर झाला. बुलेटचा आवाज ओळखणाऱ्या मुलाला ही गोष्ट शेअर बाजाराच्या निर्देशांकापेक्षा जास्त शिकवते.

मुंबईने पाहिलेल्या दोन गर्दी

भाव पाहून येणारी गर्दी आणि भाग घेण्यासाठी येणारी गर्दी, या दोन्ही आपल्या इतिहासात आहेत. आणि योगायोगाने त्या एकाच शहरात जमल्या. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्या, नव्या बँका, वित्तसंस्था यांचे समभाग हातोहात खपले. कंपनी काय करते हे विचारायला कुणाला सवड नव्हती. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला, सौदे पुरे करण्याच्या दिवशी, शहरातली कैक घराणी बुडाली.

त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १९०७ मध्ये, लंडनच्या बाजाराने पाठ फिरवल्यावर टाटांनी पोलाद कारखान्यासाठी मुंबईत भांडवल मागितले. स्वदेशीचे वारे वाहत होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले. पुढे ज्याला जमशेदपूर म्हटले गेले, त्या साकचीत तेव्हा भट्टी नव्हती. पहिले पोलाद बाहेर यायला १९१२ उजाडले. या आठ हजारांना नफा नको होता असे मी म्हणणार नाही. त्यांचा मार्ग सुखाचाही नव्हता : १९२४ च्या सुमारास कंपनी इतकी अडचणीत आली की दोराबजी टाटांना वैयक्तिक संपत्ती तारण ठेवावी लागली. पण आपण कशाचा भाग विकत घेत आहोत, हे त्यांना ठाऊक होते.

याच धड्यात मी मुलांना ‘अमूल’चीही गोष्ट सांगतो, कारण अमूलचे लोणी त्यांनी खाल्लेले असते आणि तिचा समभाग बाजारात मिळत नाही, हे ऐकून ती चकित होतात. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात दूध उत्पादकांनी सहकारी संघ काढला. तिथे ज्याची एक गाय त्यालाही एक मत आणि ज्याच्या वीस म्हशी त्यालाही एकच. गुजरातमधील ३६ लाखांच्या आसपास उत्पादक आज त्या व्यवस्थेचे मालक आहेत. एकत्र मालक होण्याचे मार्ग अनेक असतात; कंपनी हा त्यांपैकी एक, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे.

शाळेने काय करावे

रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व निवृत्तिवेतन क्षेत्रांच्या नियामकांनी मिळून स्थापन केलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी काम करते. त्याच केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी अवघे २७ टक्के आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले होते. तेव्हा कामाची निकड वादातीत आहे. काळजी आहे ती वेगळीच. शाळेला ‘आर्थिक साक्षरता’ आयती पुरवायला दलाली पेढ्या, बँका आणि ॲप तयारच असतात. कार्यशाळा मोफत, प्रमाणपत्र मोफत आणि जाताना खाते उघडण्याचा अर्ज. गिऱ्हाईक घडवणे आणि विद्यार्थी घडवणे यांतला फरक मुख्याध्यापकांनी ओळखायला हवा.

सेबीने यासाठी एक साधा निकष दिला आहे. जानेवारी २०२५ मधील परिपत्रकाने केवळ शिक्षण देत असल्याचे सांगणाऱ्यांना निदान तीन महिने जुनेच बाजारभाव वापरण्याचे बंधन घातले. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, समभागांच्या भावांवर बेतलेले आभासी खरेदी-विक्रीचे खेळ चालवणाऱ्या अनधिकृत मंचांपासून सावध राहण्याचा इशाराही तिने दिला. समभाग समजण्यासाठी आजच्या भावाची गरज नसते, हे नियामकानेच मान्य केले आहे. मग शाळाशाळांत ‘कोणाचा पोर्टफोलिओ महिन्यात सर्वाधिक वाढला’ अशा स्पर्धा कशासाठी? महिनाभराच्या वाढीला बक्षीस देणारी शाळा मुलाला संयम शिकवत नाही. त्याऐवजी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा : माल कोणता, कामगार किती, कर्ज किती, अपघात किती, लाभांश किती. सातवीच्या मुलाला टक्केवारी येते; तेवढ्यावर यातले बरेच काही वाचता येते.

खाते नसलेले मूल

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी घेतो. वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी महिनाअखेरीस वीजबिल भरताना ओढाताण होते, त्याला हा धडा काय देतो? अमेरिकेने २०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या काळात जन्मणाऱ्या आपल्या बालकांच्या नावे एक हजार डॉलर समभाग-निर्देशांकात गुंतवण्याची तरतूद केली. ब्रिटनने अशीच योजना २००२ नंतर जन्मलेल्यांसाठी आणली आणि २०११ मध्ये नव्या बालकांसाठी बंद केली. ‘वात्सल्य’ योजनेत पैसे पालकांनी घालायचे आहेत. ज्यांच्याकडे ते नाहीत, त्यांच्या मुलांना ती दारातूनच दिसते. याचे उत्तर अर्थसंकल्पात शोधावे लागेल, शाळेत ते मिळणार नाही.

पण शाळेत एक गोष्ट नक्की सांगता येते, आणि ती सर्वांना सारखीच लागू आहे. मे २०२२ मध्ये आयुर्विमा महामंडळाचे ३.५ टक्के समभाग विकले गेले, उरलेले ९६.५ टक्के सरकारकडे राहिले. स्टेट बँकेचे आणि कोल इंडियाचे बहुसंख्य समभागही सरकारकडेच आहेत. सरकार ते आपल्या वतीने सांभाळते आणि त्यांचा लाभांश आपल्याच तिजोरीत जमा होतो. म्हणजे ज्याच्या नावावर डिमॅट खाते नाही, ते मूलही नागरिक या नात्याने काही मोठ्या कंपन्यांचे भागीदार आहे. त्यातला हिस्सा विकावा की ठेवावा, विकला तर कोणत्या भावाने, त्या पैशाचे काय करावे, कोळशाच्या खाणीत माणूस दगावला तर जबाबदारी कुणाची, हे प्रश्न विचारण्याचा त्याचा अधिकार शेजारच्या बाकावरच्या श्रीमंत मुलाइतकाच आहे. इथे मात्र अमूलचा नियम चालतो : माणशी एक मत.

आज पाचवीत असलेली मुले २०३५ पर्यंत मतदार झालेली असतील, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या हातातल्या फोनवर खरेदी-विक्रीचे बटण असेल. ते दाबण्याआधी ‘ही कंपनी काय करते, कुणाच्या जिवावर करते आणि मला हे खरे कोण सांगतो आहे’ एवढे तीन प्रश्न त्यांना सुचले, तरी पुढच्या वेळी सेबीचा अभ्यास वाचताना आपल्याला थोडी कमी लाज वाटेल.